गाडीवर योग्य बाजूने चढावे

आमच्या कारखान्यात मोटरसायकली तयार होतात आणि प्रत्येक मोटरसायकलबरोबर एक माहितीपुस्तिका जाते. ती कोणी वाचत नाही. गाडी घरी आली की पुस्तिका सीटखालच्या खणात पडते आणि गाडी भंगारात निघेपर्यंत तिथेच सुखाने राहते. तरी ती कोणीतरी लिहावी लागते आणि तिच्यातली चित्रं कोणीतरी काढावी लागतात. लिहिण्याचं काम बाईंचं, चित्रांचं माझं. आमच्या विभागात आम्ही दोघंच. शिवाय मुद्रितं तपासायला एक निवृत्त आजोबा येतात, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबतात आणि ऱ्हस्व-दीर्घावरून आमच्याशी भांडून घरी जातात.

बाईंना सगळा कारखाना 'पुस्तकबाई' म्हणतो. आधी त्या शिलाई मशीनच्या कंपनीत पुस्तिका लिहायच्या. जे स्वतःच्या हाताने केलं नाही ते लिहायचं नाही, असा त्यांचा नियम. त्यामुळे आमच्याकडे रुजू झाल्यावर पहिले दोन महिने त्यांनी एक ओळ लिहिली नाही. चाचणी विभागात उस्तादांच्या शेजारी जमिनीवर बसकण मारून त्यांनी प्लग काढले, चेन ताणली, तेल बदललं. उस्ताद म्हणजे आमचे सगळ्यात जुने चाचणीचालक. कुठलीही नवी गाडी आधी त्यांच्या बुडाखालून जाते, मग बाजारात. त्यांची डावी भुवई अर्धीच आहे. उरलेली कुठल्या चाचणीत गेली ते विचारलं तर ते मॉडेलचा क्रमांक सांगतात.

तर एके दिवशी एका दातांच्या डॉक्टरांचं पत्र आलं. डॉक्टर नव्या गाडीवर उजव्या बाजूने चढायला गेले, पोटरी सायलेन्सरला टेकली, ते दचकले आणि गाडीसकट पलीकडे आडवे झाले. त्यांनी लिहिलं होतं की, 'मी आपली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली.' या वाक्याने आम्हाला भाजलेल्या पोटरीपेक्षा जास्त धक्का बसला. पुढे होतं, 'गाडीवर कुठल्या बाजूने चढावे, हे त्यात कुठेही दिलेले नाही.'

पत्र घेऊन कायदा विभागाचे प्रमुख आमच्याकडे आले. त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात.

"बाई, कुठल्या बाजूने चढायचं ते आपण सांगितलेलं नाही."

"डाव्या," बाई म्हणाल्या.

"मला नका सांगू, ग्राहकाला सांगा. मी बसने येतो."

बाईंनी त्याच दुपारी मजकूर लिहिला. पान अकरा. 'गाडीवर डाव्या बाजूने चढा आणि डाव्याच बाजूने उतरा. साइड स्टँड डावीकडे आहे, त्यामुळे उभी गाडी तुमच्याकडे कललेली असते आणि पाय सहज पलीकडे जातो. उजवीकडे सायलेन्सर आहे. तो तापलेला असतो.' मी शेजारी चित्र काढलं. वकीलसाहेबांनी 'सहज' खोडला, कारण एखाद्याचा पाय सहज गेला नाही तर काय. 'तापलेला असतो'चं 'तापलेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही' केलं. आजोबांनी एक अनुस्वार वाढवला. एवढ्यावर हे प्रकरण मिटायला हरकत नव्हती.

पण त्याच वर्षी कारखान्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि विक्री विभागाच्या प्रमुखांच्या मनात आलं की यंदाच्या पुस्तिकेवर मोठ्या साहेबांचा फोटो हवा. मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे मालक. वडिलांनी कारखाना काढला, यांनी तो वाढवला. वय सत्तरच्या आसपास, अंगाने सडपातळ, बोलणं मोजकं. त्यांना मोटरसायकल चालवताना कोणी पाहिलेलं नव्हतं, पण पन्नास वर्षांत कोणी तशी अपेक्षाही केली नव्हती.

फोटोसाठी सुट्या भागांच्या गोदामात पांढरा पडदा लावला. गाडी साइड स्टँडवर उभी केली. छायाचित्रकार म्हणाला, उजवीकडून घेतो, म्हणजे चकचकीत सायलेन्सर दिसेल. विक्रीप्रमुख म्हणाले, नुसतं बसलेलं नको, चढतानाचा घ्या, त्यात जोम दिसतो. मोठे साहेब म्हणाले, "म्हणजे मी काय करू?" आणि विक्रीप्रमुखांनी त्यांना हाताने दाखवलं : इकडून या, उजवा पाय खाली राहू दे, डावा वर घ्या, चेहरा कॅमेऱ्याकडे.

इकडून म्हणजे उजवीकडून. गाडी पलीकडे कललेली, सीट या बाजूने उंच झालेली. मोठ्या साहेबांनी पाय उचलला तशी गाडी स्टँडवर डगमगली. मग जुळणी विभागातल्या दोन माणसांना बोलावलं. ते गाडीच्या पलीकडे उकिडवे बसले आणि त्यांनी गाडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. फोटो झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही तिथे होतो. मीही वाजवल्या.

फोटोतून ती दोन माणसं पुसण्याचं काम माझ्याकडे आलं. डोकी लगेच गेली, पण एकाची चार बोटं टाकीला अशी काही बिलगली होती की ती सोडवायला अख्खी सकाळ गेली. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"चित्रकार, हे उजवीकडून चढतायत."

"हो."

"मुखपृष्ठावर उजवीकडून, आणि पान अकरावर डावीकडून."

"हो."

"मग?"

मी म्हणालो, "माझ्याकडे फक्त बोटं पुसण्याचं काम दिलंय."

बाईंना हे उत्तर आवडलं नाही, पण त्या माझ्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्या तडक चौथ्या मजल्यावर मोठ्या साहेबांच्या सचिवांकडे गेल्या. भेटीची वेळ मागितली. सचिवांनी वही उघडली आणि विचारलं, "विषय?"

"गाडीवर चढण्याची बाजू."

"कोणाची बाजू?"

"डावी."

सचिवांनी बराच वेळ पेन हवेत धरलं आणि शेवटी 'किरकोळ' असं लिहिलं. तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. तीन आठवड्यांनी ती रद्द झाल्याची चिठ्ठी मिळाली.

दरम्यान बाईंनी विक्रीप्रमुखांनाही गाठलं. त्यांचा चेहरा पडला. फोटो पुन्हा घेऊ या म्हणावं, तर मोठ्या साहेबांना सांगावं लागेल की तुम्ही चुकलात, आणि मुळात चूक आपण दाखवलेली. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. आवाज एकदम खाली.

"फोटो उलटा करता येतो ना? आरशात दिसतो तसा?"

"येतो."

"मग करा की. उजवीकडचे डावीकडे जातील. कोणाला पत्ता लागणार नाही."

मी केला. एका बटणाचं काम. मोठे साहेब डावीकडून चढू लागले. मग टाकीवरचं कंपनीचं नाव उलटं झालं, ते सुलट केलं. सायलेन्सर डावीकडे आला, तो उजवीकडे नेला. चेन उजवीकडे गेली, ती डावीकडे आणली. क्लच आणि ब्रेक यांची अदलाबदल केली. घड्याळ उजव्या मनगटावर गेलं होतं, ते डाव्यावर बांधलं. चार दिवस मी त्या गाडीवर जेवढं काम केलं तेवढं जुळणी विभागानेही केलं नसेल. शेवटी उस्तादांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "गाडी बरोबर आहे. माणूस नाही ओळखला."

ते मी हसण्यावारी न्यायला नको होतं. नमुना प्रत मोठ्या साहेबांच्या घरी गेली आणि सकाळच्या चहाच्या वेळी त्यांच्या आईच्या हातात पडली. आईसाहेब नव्वदीच्या, अजून संचालक मंडळावर आहेत. त्यांनी चष्मा लावून प्रत पाहिली आणि विचारलं, "हा कोण?"

"मी आहे, आई."

"तू नाहीस. याचा भांग उजवीकडे आहे. तुझा भांग मी डावीकडे पाडलाय."

संध्याकाळपर्यंत विक्रीप्रमुखांच्या टेबलावर चिठ्ठी आली : 'आईसाहेबांच्या इच्छेनुसार मूळ छायाचित्रच छापावे.' बाजूचा प्रश्न चिठ्ठीत नव्हता, कारण तो प्रश्न आहे हे चौथ्या मजल्यावर कोणाला माहीतच नव्हतं.

आता फोटो हलणार नव्हता. म्हणजे हलायचं ते पान अकराने. बैठक बोलावली. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि कोरा कागद. अध्यक्षस्थानी वकीलसाहेब. आराखडा विभागाचे प्रमुख म्हणाले, साइड स्टँड उजवीकडे घेता येईल, पण सांगाड्यापासून बदल करावा लागेल, आठ महिने द्या. विक्रीप्रमुख म्हणाले, उजवीकडून चढणं ही नवी शैली आहे असं जाहीर करू, तरुणांना आवडेल. बाई म्हणाल्या, "मोठ्या साहेबांना सांगू या. ते पाच मिनिटांत दुसरा फोटो काढून देतील."

सगळ्यांनी बाईंकडे असं पाहिलं की जणू त्यांनी कोणाच्या तब्येतीबद्दल नको ते विचारलं होतं.

मग बाईंनी आग्रह धरला म्हणून उस्तादांना बोलावलं. उस्ताद हात पुसत आले आणि दारातच उभे राहिले.

"उस्ताद," वकीलसाहेब म्हणाले, "तुमच्या अनुभवानुसार गाडीवर कुठून चढावं?"

"डावीकडून."

"आणि उजवीकडून चढलं तर?"

"चढता येतं की, साहेब. फक्त पलीकडून दोन माणसं धरायला हवीत."

आराखडाप्रमुखांना खोकला आला. वकीलसाहेबांनी उस्तादांचे आभार मानले आणि त्यांना बाहेर चहा द्यायला सांगितलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, आपल्यापुढच्या कागदावर एक ओळ लिहिली आणि ती वाचून दाखवली.

"'वाहनचालकाने वाहनावर योग्य बाजूने चढावे व योग्य बाजूने उतरावे.'"

सगळ्यांच्या खांद्यांवरचा भार उतरला. वाक्य फोटोच्या विरुद्ध जात नव्हतं, गाडीच्या विरुद्ध जात नव्हतं, कोणी पडलं तर तो अयोग्य बाजूने चढला होता हे आपोआप सिद्ध होत होतं. विक्रीप्रमुख म्हणाले, भाषेला वजन आहे. बाईंनी विचारलं, "योग्य बाजू कुठली, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?"

"सुज्ञ ग्राहकाला कळतं," वकीलसाहेब म्हणाले आणि टोपण लावलं.

मी पान अकरावरचं चित्र काढून टाकलं. त्या जागी हेल्मेटचं चित्र बसवलं. हेल्मेटला बाजू नसते.

त्या रात्री जेवताना हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती रुग्णालयाच्या औषधालयात काम करते. ती म्हणाली, "उद्या मी पाकिटावर 'योग्य गोळी योग्य वेळी घ्यावी' एवढंच लिहिलं तर चालेल का?"

"तुमचं वेगळं असतं."

"काय वेगळं असतं? आणि तू काय म्हणालास बैठकीत?"

मी कोऱ्या कागदावर पाण्याच्या बाटलीचं चित्र काढलं होतं. चांगलं आलं होतं.

पुस्तिका छापून झाली आणि गाड्यांबरोबर जाऊ लागली. मुखपृष्ठावर मालकांचा हसरा फोटो असल्यामुळे यंदा ती लोकांनी जरा हातात धरली, उलटूनही पाहिली. नेमकं तिथेच घोडं अडलं. लोकांनी फोटो पाहिला आणि मालक चढतात तसं चढायला सुरुवात केली. सगळेच नाही; पण ज्यांनी याआधी कधी गाडी घेतली नव्हती असे बरेच. उजवीकडून पाय टाकायला जायचं, गाडी आधीच डावीकडे कललेली, वरून माणसाचा धक्का, की ती स्टँडसकट पलीकडे. फार कोणाला लागलं नाही, कारण माणूस या बाजूला उभाच राहायचा आणि गाडी एकटी पडायची. डाव्या बाजूचे आरसे आणि क्लचच्या दांड्या मात्र धडाधड मोडू लागल्या. तिमाही अहवालात डाव्या आरशांच्या विक्रीत अभूतपूर्व वाढ दिसली आणि विक्रीप्रमुखांना प्रशस्तिपत्र मिळालं.

त्या आरशांपैकी एक माझ्या मेहुण्याचा. माझ्याच ओळखीने त्याने आमची गाडी घेतली होती. इमारतीच्या आवारात सगळ्यांसमोर त्याने ती पाडली आणि तसाच तुटका आरसा घेऊन आमच्या घरी आला.

"भाऊजी, योग्य बाजू म्हणजे कुठली हो?"

"डावी."

"मग तसं लिहायचं ना."

"मी लिहीत नाही, मी चित्रं काढतो."

"मग चित्र काढायचं."

माझी बायको स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिने नळ बंद केला, म्हणजे माझं उत्तर तिला नीट ऐकू यावं. मी मेहुण्याला नवा आरसा बसवून दिला.

त्याच आठवड्यात मला मोठे साहेब भेटले. मी तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरलो आणि दार मिटता मिटता ते आत आले. आम्ही दोघंच. त्यांनी मला ओळखलं.

"फोटोचं काम तुम्ही केलंत ना? छान आलाय. पण ती दोन माणसं का काढलीत?"

मी मजल्यांच्या आकड्यांकडे पाहिलं.

"त्यांच्याशिवाय मी पडलोच असतो," ते म्हणाले. "मला कुठे गाडी चालवता येते. मी विचारत होतो त्या दिवशी, असंच चढतात का. सगळे म्हणाले, हो." आणि माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "असंच चढतात ना?"

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर पोचत होती. अजून दोन मजले होते. एक शब्द उच्चारायला दोन मजले भरपूर होतात. मी म्हणालो, "हो, सर." चौथा मजला आला, ते मान हलवून उतरले, आणि मला पहिल्या मजल्यावर जायचं होतं हे मला तेव्हा आठवलं.

ही गोष्ट मी बाईंना सांगितली. कोणाला तरी सांगायला हवी होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या दिवशी दुपारचा चहा त्यांनी एकटीने घेतला.

आता फोन येऊ लागले होते. ग्राहकसेवा विभागातल्या मुलींना उत्तराचं एक कार्ड दिलं होतं : 'कृपया पुस्तिकेतील पान अकरा पाहावे.' माणूस म्हणायचा, पान अकरा पाहूनच फोन केलाय. त्यावर कार्डात काही नव्हतं. एका मोटरवाहन प्रशिक्षण शाळेच्या गुरुजींनी लेखी उत्तर मागितलं, कारण त्यांच्या वर्गात दोन तट पडले होते आणि जेवणाच्या सुट्टीत बोलणं बंद झालं होतं. एका आजोबांनी विचारलं की योग्य बाजू रोज तीच असते की बदलते. शेवटी ग्राहकसेवेने हात टेकले आणि असे सगळे फोन आमच्या विभागाकडे वळवले. कार्ड बाईंच्या टेबलावर आलं. बाईंनी ते कपाखाली ठेवलं.

"डाव्या बाजूने," त्या प्रत्येकाला सांगत. "साइड स्टँड डावीकडे आहे ना, त्या बाजूने." फोन पंधरा सेकंदांत संपायचा. सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात हे त्यांना माहीत होतं.

एका सकाळी असाच फोन आला. बाईंच्या फोनचा आवाज मोठा असतो, त्यामुळे मला पलीकडचंही ऐकू येतं. पलीकडे एक परिचारिका होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, सुया द्यायच्या, असं तिचं काम. आवाजावरून पन्नाशीची. गाडी कालच आली होती.

"डाव्या बाजूने चढा, ताई," बाई म्हणाल्या.

मग ती म्हणाली, "डाव्या बाजूने म्हणजे उजवा पाय वरून टाकायचा?"

"हो."

"तो नाही उचलला जात माझा. खुब्याचं ऑपरेशन झालंय. उभी राहते त्यावर, चालते, दिवसभर चालते. पण गुडघ्याच्या वर नाही जात. डावा जातो. म्हणून मला वाटलं, तुम्ही योग्य बाजू म्हटलंय म्हणजे ज्याची त्याची असेल. फोटोतले काकापण उजवीकडून चढतायत. म्हटलं, त्यांचाही खुबा असेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतके महिने त्या डाव्या बाजूसाठी भांडत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा नंबर द्या. अर्ध्या तासात फोन करते. तोपर्यंत गाडीवर चढू नका."

त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "चला." आम्ही दोघं चाचणीच्या मैदानावर गेलो. उस्ताद डबा उघडून बसले होते. बाईंनी अडचण सांगितली. उस्तादांनी डबा बंद केला, स्वतःचा उजवा पाय दोन फळ्या लावून मांडीपासून बांधून घेतला आणि लंगडत गाडीपाशी गेले. आधी गाडी डबल स्टँडवर चढवून पाहिली. सीट आणखी उंच झाली, शिवाय रोज कोण तिला वर ओढणार. मग तशीच साइड स्टँडवर उजवीकडून चढून पाहिलं. मी पलीकडून धरली नसती तर उस्तादांची दुसरी भुवईही गेली असती. मग त्यांची नजर कार्यालयाच्या पायऱ्यांवर गेली. गाडी ढकलत नेली आणि सगळ्यात खालची पायरी गाडीच्या उजवीकडे येईल अशी लावली. पायरीवर उभे राहिले, पुढचा ब्रेक दाबून धरला, डावा पाय वरून टाकला. गाडी हलली नाही. उतरून पाहिलं. पुन्हा चढून पाहिलं. असं सहा वेळा.

"उतरताना सायलेन्सर तापलेला असतो," बाई म्हणाल्या.

"पायरीवर उतरलं की पाय त्याच्यापासून लांब राहतो. तरी जाड पायजमा हवा," उस्ताद म्हणाले. "आणि स्टँड लागलाय का ते दोनदा बघायचं. घाई नाही करायची."

मग बाईंनी एकदा स्वतः करून पाहिलं. त्यांचा नियमच तो.

परिचारिकेला त्यांनी फोनवर सगळं सावकाश सांगितलं. तिच्या दारापुढे ओटा होता. रुग्णांच्या घरापाशी कुठे कुठे पायरी आहे ते तिने तिथल्या तिथे मोजलं. दोन घरं सोडून सगळीकडे होती, आणि त्या दोन घरांना विटा ठेवायला सांगीन म्हणाली. फोन धरूनच ती बाहेर गेली, शेजारणीला बोलावलं, चढली, उतरली. "जमलं," ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, "परत एकदा करते हं, फोन ठेवू नका."

चार दिवसांनी वकीलसाहेबांचा ज्ञापनवजा कागद आला. ध्वनिमुद्रण ऐकता असे आढळून आले की, आपण एकूण दोनशे सतरा ग्राहकांस डावी बाजू व एका ग्राहकास उजवी बाजू सांगितली आहे. सबब आपले नेमके मत कोणते व त्यास मंजुरी कोणाची, याचा लेखी खुलासा करावा. बाईंनी त्याच कागदाच्या तळाशी लिहिलं : 'प्रत्येक ग्राहकास योग्य बाजू सांगितली आहे. संदर्भ : पान अकरा.' आजोबांनी त्यात एकही चूक काढली नाही, ही आमच्या विभागातली पहिलीच वेळ.

वकीलसाहेबांनी तो कागद तीनदा वाचला असं त्यांचा शिपाई सांगत होता. वाक्य त्यांचंच होतं. ते मोडायचं तर आधी त्याचा अर्थ सांगावा लागला असता. कागद फायलीत गेला. फाइल कपाटात गेली.

वर्ष संपलं, पन्नास वर्षांचा सोहळाही संपला. नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर कारखान्याच्या नव्या इमारतीचा फोटो घ्यायचं ठरलं. इमारतीवर कुठल्या बाजूने चढायचं हे कोणी विचारत नाही, त्यामुळे तो लगेच मंजूर झाला. त्या गडबडीत बाईंनी पान अकराचा मूळ मजकूर पुन्हा घातला, 'सहज' धरून. त्याखाली ज्यांचा उजवा पाय उचलला जात नाही त्यांच्यासाठी पाच ओळी. वकीलसाहेबांकडे मजकूर गेला तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "हे सगळं कोणी तपासलंय का?" बाई म्हणाल्या, "हो." त्यांनी सही केली. एव्हाना ते दुसऱ्या एका पत्रात गुंतले होते. कोणीतरी हॉर्नबद्दल लिहिलं होतं.

पाच ओळींना चित्र हवं होतं. या वेळी ते कोणी मागायच्या आधी मी कागद-पेन्सिल घेऊन मैदानावर गेलो. उस्ताद पायरीवर उभे, उजवा पाय फळ्यांत, हात ब्रेकवर, डावा पाय हवेत.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"पोटरीपर्यंत आलोय."

"पाय उतरवू?"

"नको," बाई पायरीवर बसल्या बसल्या म्हणाल्या. "चौथ्या ओळीत लिहिलंय तिथेच टाच येते का ते मला अजून बघायचंय."

उस्तादांनी पाय तसाच ठेवला.